गणिताच्या तासाला मुलांना बोलतं कसं करावं? सल्ला हवा आहे

खडूपेटी
नमस्कार. मी सातवीला गणित शिकवते. वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. मी उदाहरण सोडवून दाखवते, पुढच्या बाकांवरची पाच-सहा मुलं उत्तरं देतात आणि बाकीची मुकाट्याने फळ्यावरचं उतरवून घेतात. परवा एका मुलीला जाता जाता विचारलं, १/२ + १/३ किती? तिने क्षणात सांगितलं, २/५. तिची वही उघडून पाहिली तर याच प्रकारची दहा उदाहरणं बरोबर, आणि प्रत्येकाखाली माझी सही. तेव्हापासून मला चैन नाही.

मुलांनी स्वतः विचार करावा, एकमेकांशी गणिताबद्दल बोलावं असं काहीतरी हवं आहे. अटी दोनच. खर्च शून्य (फळा, खडू आणि रद्दी कागद एवढंच हाताशी आहे) आणि पोर्शन मागे पडता कामा नये.

समभुज
शाळेच्या मागे लागून इंटरॅक्टिव्ह बोर्ड बसवून घ्या. आमच्या वर्गात आल्यापासून मुलं तासाची वाट बघतात. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढायचा, शिरोबिंदू बोटाने इकडेतिकडे ओढायचा. कोन सारखे बदलतात, बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. हे पाहिलेलं मूल आयुष्यभर विसरत नाही.

कर्णरेषा
समभुज, त्यांनी खर्च शून्य म्हटलंय हो. आणि १८० साठी बोर्ड कशाला? प्रत्येकाने रद्दी कागदाचा आपापला त्रिकोण कापायचा. कुणाचा लांबुडका, कुणाचा बुटका. तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकाला टोक लावून ठेवायचे. ५२ बाकांवर ५२ सरळ रेषा दिसतात. मग विचारायचं, असा त्रिकोण काढून दाखवा की ज्याची रेषा वाकडी येईल. माझ्या वर्गात दोघं सुट्टीतही कागद फाडत बसले होते.

समभुज
कोपरे फाडणं म्हणजे सिद्धता नव्हे.

कर्णरेषा
शिरोबिंदू ओढणं ही तरी कुठे सिद्धता आहे? पायाला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांनी सिद्ध करायचंच आहे. पण आधी "असं का होतं?" हा प्रश्न मुलाला पडू दे.

पाढेप्रेमी
हे सगळं वरवरचं आहे. पाढे पाठ नाहीत म्हणून लसावि येत नाही, लसावि येत नाही म्हणून २/५ येतं. रोज दहा मिनिटं तोंडी घ्या. तीस वर्षं मी हेच केलं, आणि माझी मुलं आजही कागदाशिवाय हिशेब करतात.

निळी शाई
पाढेप्रेमी सर, तोंडी हिशेबाबद्दल पूर्ण आदर, पण इथे लसाविची अडचण नाही. त्या मुलीच्या वहीत दहा उदाहरणं बरोबर आहेत, म्हणजे लसावि तिला येतो. २/५ हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे, हे तिला दिसलं नाही. अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं उरेल? हा एक प्रश्न रोज विचारा: आकडेमोड करायच्या आधी उत्तर साधारण किती यावं?
कागदाची घडी घालूनही दाखवता येतं. उभ्या दोन घड्या घालून तीन भाग, मग आडवी एक घडी घालून दोन. उघडलं की सहा घरं. त्यातली तीन म्हणजे अर्धा, दोन म्हणजे तृतीयांश, दोन्ही मिळून पाच घरं. छेद ६ का करायचा हे मुलं आपणहून सांगतात.

शेवटचा बाक
गटकार्याच्या फंदात पडू नका. मी सहा-सहांचे गट केले होते. प्रत्येक गटात एक जण सोडवायचा, पाच जण गप्पा मारायचे, आणि शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार आली ती वेगळीच. घटक चाचणीत गुण उतरले. तीन आठवडे पाण्यात गेले.

कर्णरेषा
सहा जण जास्त होतात. कॅनडातले संशोधक पीटर लिलियेदाल तिघांचे गट करायला सांगतात. तेही रोज चिठ्ठ्या टाकून, आणि गटात लिहायला साधन एकच. मुलं उभी राहून, पुसता येईल अशा पृष्ठभागावर लिहितात. चुकलं तर पुसता येतं, म्हणून लिहायला बिचकत नाहीत. मी खिडक्यांच्या काचा वापरल्या.

शेवटचा बाक
माझ्या वर्गाला दोनच खिडक्या आहेत.

मोकळा तास
कापरेकर स्थिरांक दाखवा! द. रा. कापरेकर स्वतः शाळेत शिक्षक होते. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करायचे, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घ्या: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. वजाबाकीचा एवढा सराव मुलांनी आपल्या खुशीने केलेला मी दुसऱ्या कशात पाहिला नाही.

पाढेप्रेमी
म्हणजे शेवटी सरावच.

सावली
प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता, ते एकदा मोजा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकल्या, तर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तुमच्या वर्गात पाच-सहा जणच बोलतात, त्याचं कारण हेही असू शकेल. आणि उत्तर आल्यावर लगेच "बरोबर" म्हणू नका. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा.

नवा पाहुणा
जिओजेब्रा वापरून बघा, मोफत आहे.

खडूपेटी
सगळ्यांचे मनापासून आभार. मी मात्र वेगळंच करून पाहिलं. गट नाही, बोर्ड नाही, खेळही नाही. दोन आठवडे रोज तासाच्या सुरुवातीला वह्यांमधलं एक चुकलेलं उदाहरण फळ्यावर लिहिते. नाव नाही, अक्षर माझं. दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून वहीत लिहायचं: असं सोडवणाऱ्याने काय विचार केला असेल? मग शेजाऱ्याला सांगायचं, मग वर्गाला.
पहिल्या दिवशी लिहिलं, ०.३५ > ०.४. निम्म्या वर्गाला ते बरोबर वाटलं, कारण "३५ मोठे की ४?" चर्चा थांबेना. शेवटी भिंतीजवळचा एक मुलगा उठला. वर्षभरात त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणाला, "मॅडम, ०.४ च्या पुढे शून्य लिहा. आता ४० शतांश आणि ३५ शतांश." मी काहीच बोलले नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे हो!"
सावली, तुमचं थांबणं मात्र मी उचललंय. मनात पाच आकडे मोजते. पोर्शन एका तासाने मागे आहे, तो भरून काढेन.

पाढेप्रेमी
फळ्यावर चुकीचं लिहिलेलं मुलांच्या डोक्यात तसंच बसेल. मी हे कधीच केलं नसतं.

खडूपेटी
सर, ते आधीच त्यांच्या डोक्यात होतं. माझी सही त्याच्यावरूनच जात होती. उद्या −३ − ५ = ८ लिहिणार आहे, "दोन उणे म्हणजे अधिक" म्हणणारी निदान वीस मुलं निघतील.