मदत हवी आहे: हायपरथायरॉईड परत उलटलाय. आयोडीन घ्यावं, ऑपरेशन करावं की गोळ्याच चालू ठेवाव्यात?

शिकवणी_राजारामपुरी:

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, माझा थायरॉईड जास्त चालणारा आहे. थायरॉईड म्हटलं की लोकांना वजन वाढणाराच माहीत. "तू तर वाळलीयस, तुला कसला थायरॉईड?" हे महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानातसुद्धा ऐकून झालं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर स्वतःची थायरॉक्सिनची (थायरॉईड कमी चालणाऱ्यांची) गोळी देऊ केली, "आपलं दुखणं एकच" म्हणून. नशीब, घेतली नाही.

वय ३४. घरी लहान मुलांना गाणं शिकवते. मुलगा चार वर्षांचा. निदान ग्रेव्हज्, म्हणजे शरीरातल्या अँटिबॉडीच थायरॉईडला जास्त चालवतात तो आजार. निओमर्कॅझॉल (म्हणजे कार्बिमॅझोल) दीड वर्ष घेतलं, मग डॉक्टरांनी कमी करत करत बंद केलं. पुढे बरेच महिने सगळं ठीक होतं. दिवाळीनंतर परत धडधड, पंख्याखाली बसून घाम, आणि तंबोऱ्याच्या तारेवर बोट ठेवलं की थरथर. ती तर आधी मुलांनीच ओळखली: "ताई, तुमचा हात हलतोय."

रिपोर्ट असे: टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, थायरॉईडचं हार्मोन फ्री टी४ ३.२ (लॅबची वरची मर्यादा १.७), ग्रेव्हज्ची ट्रॅब अँटिबॉडी ७.४ (१.७५ च्या वर पॉझिटिव्ह). गळ्याला थोडी सूज आहे. डोळे किंचित मोठे दिसतात आणि सकाळी चुरचुरतात.

आता परत कार्बिमॅझोल २० मिलिग्रॅम आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल चालू आहे. डॉक्टर म्हणाले, एकदा उलटलाय म्हणजे आता कायमचा इलाज बघू. रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन किंवा पूर्ण ग्रंथी काढणं, घरी बोलून सांगा.

घरी बोलले, तर गोंधळ आणखी वाढला. दुसरं मूल हवंय आणि फार लांबवायचं नाही. आयोडीन घेतलं तर मुलापासून लांब राहायचं, पण घर दोन खोल्यांचं आणि पोरगा अजून कुशीत शिरल्याशिवाय झोपत नाही. सासूबाई म्हणतात, "अणूचं औषध कुठं पोटात घेतात होय?" राहिलं ऑपरेशन. ते गळ्याचं, आणि माझं पोट गळ्यावर.

आयोडीन कुणी घेतलंय का? घरात लहान मूल असताना कसं निभावलं? गाणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या कुणाचं ऑपरेशन झालंय का, आवाजाचं काय झालं? आणि गोळ्यांवरच राहिलं तर चालतं का? काढे कृपया सुचवू नका, घरात आधीच पुष्कळ आलेत.

---

पंचगंगाकाठ:

ताई, मी घेतलंय आयोडीन. शिरोलीत फौंड्रीत आहे, वय ४८. माझं निदान मात्र वेगळं, ग्रंथीत एकच गाठ जास्त काम करत होती. त्यात गोळ्यांनी रोग आवरतो, पण बंद केल्या की परत येतो. म्हणून डॉक्टरांनी सरळ आयोडीनच सांगितलं.

मुंबईला परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं. तिथं गेलो. मुंबईलाच जायला पाहिजे असं काही नाही, पुण्यातही मिळतं, पण माझा मेव्हणा लालबागला राहतो म्हणून मुंबई. रात्रीची महालक्ष्मी धरली, सकाळी दादरला उतरलो.

औषध म्हणाल तर शिशाच्या जाड डबीतनं काढलेली एक कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळायची. दुखत नाही, खुपत नाही. त्रास सगळा आधीचा. कार्बिमॅझोल काही दिवस बंद ठेवायला लावतात, तेवढ्यात धडधड परत डोकं वर काढती. आयोडीनचं मीठ आणि मासे बंद. बिनआयोडीनचं मीठ शोधताना नाकी नऊ आले. आणि एक सांगतो, आधी कशासाठी रंगाचं इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगायचंच. त्या रंगात आयोडीनच असतं, ग्रंथी तेच पिऊन बसती आणि औषधाला जागा उरत नाही. माझा डोस त्यापायीच पुढं गेला.

येताना रेल्वेनं नको म्हणाले, गर्दीत रात्रभर कुणाच्या तरी शेजारी बसणं बरोबर नाही. भाड्याची गाडी केली, मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या तिरक्या कोपऱ्यात बसून आलो. घरी वेगळी खोली, वेगळा टॉवेल, भरपूर पाणी, संडासात दोनदा फ्लश. मोठ्यांपासून हातभर लांब, पण पोरं आणि गरोदर बायका यांच्यापासून जास्त दिवस लांब. किती दिवस ते डोसवर ठरतं आणि ते लिहून देतात. माझी पोरं कॉलेजात आहेत म्हणून निभावलं. तुमचा चार वर्षांचा आहे, त्याला आजोळी पाठवावं लागेल, किंवा तुम्हालाच कुठंतरी राहावं लागेल. दोन खोल्यांत ते जमायचं नाही, हे स्पष्ट सांगतो.

तीन-चार महिन्यांत माझी ग्रंथी थंड पडली. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, आयुष्यभर. त्याचं काही वाटत नाही, दात घासल्यासारखं झालंय.

---

वैद्य_बुवा_नाही:

आमच्या मावशीचं कांचनार गुग्गुळानं बरं झालं. कशाला ऑपरेशन अन् कशाला अणू?

---

औषधवाला:

बुवा, धागाकर्तीनं काढे नकोत म्हणून वर लिहिलंय. मावशींना हायपर होता की गाठ होती की बाळंतपणानंतरची सूज? सूज असेल तर ती काही महिन्यांत आपोआपही उतरते आणि श्रेय गुग्गुळाला जातं.

शिकवणीताई, मी डॉक्टर नाही, शाहूपुरीत औषधांचं दुकान आहे. त्यामुळे गोळ्यांपुरतं बोलतो.

एक. केसगळतीसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेताय का? हायपरमध्ये केस गळतातच, आणि ती गोळी आजकाल चिठ्ठीशिवाय सर्रास नेतात. काही लॅबच्या यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी, टी४ खोटा जास्त आणि ट्रॅबसुद्धा खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. तुमची लक्षणं खरी दिसतायत, तरी पुढच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

दोन, हे सगळ्यात महत्त्वाचं. कार्बिमॅझोल चालू असताना घसा दुखून ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी त्याच दिवशी बंद आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी लगेच. सोमवारपर्यंत थांबायचं नाही. हा धोका हजारात दोन-पाच जणांनाच, आणि बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, पण होतो तेव्हा जिवावर बेततो. मागच्या खेपेला काही झालं नाही म्हणून या खेपेला होणार नाही असं नसतं. गाणाऱ्याचा घसा तसाही मधून मधून बसतो, तुम्ही "रियाज जास्त झाला" म्हणून सोडून द्याल, म्हणून मुद्दाम सांगतोय. कातडी किंवा डोळे पिवळे दिसले तरी तेच.

तीन. गोळ्यांवर राहता येतं. एकदा उलटल्यावर कायमचा इलाज करावाच असा पूर्वी आग्रह असायचा. आता कमी मात्रेत, रोज अडीच-पाच मिलिग्रॅमवर, वर्षानुवर्षं राहणारे पेशंट आहेत. अडचण तुमच्या बाळाची. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमॅझोलने बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून तेव्हा प्रोपिलथायोयुरासिल देतात, आणि त्याचा त्रास यकृताला होऊ शकतो. म्हणजे दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं, राहिल्यावर नव्हे. दिवस राहिलेत अशी शंका आली तर मनाने गोळी बंद न करता त्याच दिवशी फोन करायचा. अनियंत्रित हायपरही बाळाला घातकच.

सासूबाईंना सांगा, अणूचं औषध १९४१ पासून माणसांना देतात. पहिला पेशंट अमेरिकेत, बॉस्टनला. आयोडीन १३१ चा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो आणि ते बहुतेक थायरॉईडच शोषून घेतं. त्यांची भीती समजू शकतो, पण तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे. आयोडीननंतर निदान सहा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. शिवाय ट्रॅब अँटिबॉडी त्यानंतर आधी वाढते आणि बराच काळ वर राहू शकते. ती वारेतून बाळापर्यंत पोचते आणि त्याचाही थायरॉईड चाळवू शकते. तुमची आधीच ७.४ आहे.

---

मारवा_सातारा:

शिकवणी, मी तुझ्याच वाटेवरची. हक्काने अगं-तुगं करते. गाणं शिकवते, ग्रेव्हज् होता, पूर्ण ग्रंथी काढली.

आधी डोळ्यांचं बोल. चुरचुरतात, मोठे दिसतात म्हणतेस आणि आयोडीनचा विचार करतेस, तर आधी नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घे. आयोडीनने ग्रेव्हज्चे डोळे बिघडू शकतात. हलका त्रास असेल तर बरोबर स्टेरॉईड देऊन सांभाळतात, जास्त असेल तर आयोडीन टाळतातच. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बाहेर पिटाळ, धूर डोळ्यांना वाईट.

आता आवाज. आवाजाची मुख्य नस ग्रंथीच्या मागे चिकटून जाते. ती दुखावली तर आवाज बसका आणि फुसका होतो. चांगल्या हातात कायमची इजा शंभरात एखाद्याला. पण गाणाऱ्यांनी विचारायची नस दुसरीच, ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाणारी बारीक फांदी. ती गेली तर बोलण्यात कुणाला कळणारही नाही, पण तार सप्तक चढेनासं होतं. सर्जनला मी सरळ म्हटलं, मला बोलायला नाही, गायला गळा हवाय. त्यांनी कागदावर दोन्ही नसा काढून दाखवल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. ऑपरेशनआधी आणि नंतर दुर्बिणीने स्वरतंतू बघून घे, मग काही झालं तर आधी काय होतं ते कागदावर असतं.

सर्जन वर्षाला किती थायरॉईड करतात ते विचार. लाजू नकोस. वर्षाला पंचवीसहून जास्त करणाऱ्यांकडे गुंतागुंत कमी असते. नसेची हालचाल दाखवणारं यंत्र लावतात का, तेही विचार. कोल्हापूर-मिरज पट्ट्यात डॉक्टरांची वाण नाही, फक्त पोटाचे-हर्नियाचे सर्जन मधून मधून थायरॉईड करतात, तसं नको. खर्चाचं अडत असेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचार.

घाई मात्र कुणी केली तरी करू नकोस. आधी टी३-टी४ गोळ्यांनी नॉर्मलला आलेच पाहिजेत, नाहीतर ऑपरेशनमध्ये थायरॉईडचं वादळ उठू शकतं, म्हणजे हार्मोन एकदम उसळून जिवावर बेततं. मला शेवटचे काही दिवस लुगॉलचे (साध्या आयोडीनचे) थेंबही दिले होते, ग्रंथीतलं रक्त कमी व्हावं म्हणून. चव अशी की पाण्यात गंजलेला खिळा भिजवलाय.

नंतर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या. कॅल्शियम उतरलं होतं, कारण पॅराथायरॉईडच्या चिमुकल्या ग्रंथी तिथेच असतात आणि धक्क्याने सुस्तावतात. गोळ्यांनी भरून निघालं. काही जणांना मात्र त्या कायमच्या लागतात.

आवाज काही आठवडे लवकर थकायचा आणि वर जाताना हवा सुटायची. मी मंद्रातला खर्ज लावत बसायचे, त्याच्या वर नाही. आता तार गंधार लागतो. पूर्वीचा ताण अजून थोडा कमी आहे, तो मलाच कळतो. मुलांना नाही.

बाळाचं म्हणशील तर ग्रंथी काढली की ट्रॅब आयोडीनपेक्षा लवकर उतरते. थायरॉक्सिनची मात्रा बसली की डॉक्टर पुढे जा म्हणतात. मला तेच हवं होतं, म्हणून मी हा रस्ता धरला. तुला मूल नको असतं किंवा पाच वर्षांनी हवं असतं, तर मी कदाचित गोळ्याच चालू ठेव म्हटलं असतं.

---

शिकवणी_राजारामपुरी:

सगळ्यांचे आभार. ट्रॅब आणि बाळाचा संबंध मला कुणी सांगितलाच नव्हता, कदाचित मी विचारला नाही.

औषधवाले दादा, बायोटिन घेत होते. हेअर टॉनिकच्या गोळीत होतं, नाव वेगळं असल्याने कळलंच नाही. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले गळ्याची सूज, डोळे आणि नाडी बघता रोग खराच आहे, पण बायोटिन बंद करून टी४ आणि ट्रॅब परत करू, म्हणजे खरा आकडा कळेल. ताप-घशाचं फ्रिजवर चिकटवलंय, नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

पंचगंगाकाठ दादा, आजोळ गडहिंग्लजला आहे, पोरगा तिथं रमेल. पण त्यानंतरची वाट बघणं मला झेपणारं नाही. सध्या तरी मन ऑपरेशनकडे झुकतंय. डोळ्यांची तपासणी ठरवली आहे, नंतर सर्जनकडे.

मारवाताई, तंबोरा परत हातात घ्यायला किती वेळ लागला? मान वळवायला त्रास होतो का? आणि टाके दिसतात का, हे आमच्या सासूबाईंना विचारायचंय, मला नाही.

---

मारवा_सातारा:

तंबोरा दुसऱ्या आठवड्यात, मांडीवर आडवा ठेवून. उभा धरला की मान ताठ व्हायची. मान वळवायचे हलके व्यायाम ते शिकवतात, ते टाळू नकोस. टाक्याची रेघ गळ्याच्या घडीतच येते. सासूबाईंना म्हणावं, मंगळसूत्राखाली झाकते.