रेफ्युजीला काय म्हणायचं? निर्वासित, शरणार्थी, आश्रित... आणि रुळल्यावर?

तिसवाडीकर :
मंडळी, जरा मदत हवी. माझी मावसबहीण कॅनडात असते, तिथल्या मराठी मंडळाच्या अंकात लेख लिहायला घेतलाय आणि शब्दांसाठी रोज माझं डोकं खातेय. विषय असा, तिने आणि तिच्या चार शेजाऱ्यांनी मिळून आफ्रिकेतल्या इरिट्रियाच्या एका कुटुंबाची जबाबदारी घेतली. कॅनडात ही सोय बरीच जुनी आहे, १९७९ च्या सुमाराला व्हिएतनाममधून बोटीने निघालेल्या लोकांच्या वेळी जोरात सुरू झाली, पाच जणांनी गट करायचा आणि पहिलं वर्षभर त्या घराचं भाडं, किराणा, पोरांची शाळा, दवाखाना सगळं बघायचं. मावशीला फोनवर हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "कितले दीस रावतले गो ते सोयरे?" सोयरे म्हणजे आमच्याकडे पाहुणे. आता तिला कसं सांगणार की सोयरे नव्हेत, कायमचे आलेत.

तर प्रश्न असे. रेफ्युजीला निर्वासित लिहायचं की शरणार्थी? रिसेटलमेंटला पुनर्वसन चालेल का? आणि असिमिलेशनला काय? कोशात आत्मसात्करण दिलंय. आत्मसात आपण व्याकरण करतो, पेटी वाजवणं करतो, माणसं कशी आत्मसात करणार, काहीतरी गिळल्यासारखं वाटतं.

भाषांतरवाला :
गिळल्यासारखंच आहे ते, मूळ लॅटिन शब्दातही 'सारखं करून टाकणं' हाच अर्थ, आणि शरीर अन्न पचवतं त्यालाही तोच शब्द वापरतात. गंमत म्हणजे १९५१ च्या जिनिव्हा करारात, ज्याच्यावर निर्वासितांचा सगळा आंतरराष्ट्रीय कायदा उभा आहे, त्याच्या ३४ व्या कलमात असिमिलेशन हाच शब्द आहे, यजमान देशाने शक्य तेवढं ते सोपं करावं आणि नागरिकत्व द्यावं असं. आता तो शब्द कोणी फारसा वापरत नाही, इंटिग्रेशन म्हणतात. जर्मनीत तर इंटिग्रेशनचा कोर्सच असतो, साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास कायदा-इतिहास वगैरे. मराठीत 'सामावून घेणं' चांगला आहे पण त्यात एक गोची आहे, सामावून घेणारा यजमान असतो, येणाऱ्याला काही कामच उरत नाही. तो नुसता सामावला जातो, डब्यात लाडू बसवतात तसा.

निर्वासित आणि शरणार्थी यांचं म्हणाल तर निर्वासित म्हणजे घालवून दिलेला. संस्कृतात निर्वासन म्हणजे सरळ हद्दपारी. म्हणजे हा शब्द मागे बघतो, कुठून हाकललं ते सांगतो. शरणार्थी पुढे बघतो, कोणाच्या दारात उभा आहे ते. अर्थी म्हणजे मागणारा, त्यात हात पसरल्याचा भाव येतोच, टाळता येत नाही. फाळणीनंतर दिल्लीकडे गेलेल्या पंजाबी लोकांना हा शब्द इतका झोंबायचा की ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. आपल्याकडे कल्याणच्या छावणीत सिंधी आले, तिचं पुढे उल्हासनगर झालं, पण मराठीत ते निर्वासितच राहिले, शरणार्थी हा शब्द आपल्याकडे हिंदी बातम्यांतून शिरला असं माझं मत. मी निर्वासितच लिहीन.

अजून एक, नुसता अर्ज केलेला आणि निकालाची वाट बघणारा वेगळा, त्याला 'आश्रयार्थी' म्हणता येईल. हा फरक लेखात ठेवाच, कारण हाल तिथेच जास्त. ब्रिटनमध्ये असा माणूस पहिले १२ महिने सहसा नोकरीच करू शकत नाही, आणि मग तेच लोक विचारतात की हे फुकट का खातात.

मोडीवाचक :
नवे शब्द पाडण्याआधी जुने दप्तर उघडा की! शिवकाळ-पेशवाईच्या कागदांत या विषयाचा पुरा संसार आहे. दुष्काळ पडला, फौज गेली, की रयत 'परागंदा' व्हायची. गाव ओस पडलं की सरकारला वसूल मिळेना, मग पाटलाला 'कौल' द्यायचे, म्हणजे अभयाचा कागद, या, वस्ती करा, तुम्हाला तोशीस लागणार नाही. आणि सारा एकदम घ्यायचा नाही, पहिल्या वर्षी थोडा, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त, असा चढत चढत काही वर्षांनी पुरा, त्याला 'इस्तावा' म्हणत. हे सगळं मिळून 'लावणी-संचणी'. आता सांगा, वर्षभर भाडं आम्ही देतो, मग हळूहळू तुमचं तुम्ही बघा, हा इस्ताव्यापेक्षा वेगळा कुठे आहे.

आणि तुमच्या असिमिलेशनची खरी जोडी म्हणजे 'उपरी' आणि 'थळकरी'. बाहेरगावाहून येऊन जमीन कसणारा तो उपरी, त्याचा हक्क वंशपरंपरेचा नाही. थळकरी म्हणजेच मिरासदार, स्थळाचा माणूस, त्याला जमिनीवरून सहसा काढता येत नाही, गावच्या मानपानात त्याची जागा. तेव्हा प्रश्न एवढाच की उपऱ्याचा थळकरी किती पिढ्यांनी होतो. 'उपरा' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, तेव्हा ती नुसती महसुलातली वर्गवारी होती.

अंत्रूजकार :
कौल वाचून हसू आलं, कारण आमच्या गोव्यात कौल म्हटलं की एकतर देवाला लावतात तो नाहीतर छपरावर घालतात ते. तिन्ही अर्थ एका लेखात वापरा, बहीण खूश होईल.

पण मला वेगळं सांगायचंय. फोंड्याच्या आजूबाजूला जेवढी मोठी देवळं आहेत त्यातले बरेचसे देव निर्वासित आहेत. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आत्ताच्या कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा, म्हाळसा वेर्ण्याची. १६ व्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, सासष्टी, बारदेशात देवळं पाडली तेव्हा लोक मूर्ती घेऊन नदीपलीकडे आले कारण इकडे अंत्रूजात, म्हणजे या फोंड्याकडच्या भागात, पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. आज कोणी मंगेशाला उपरा म्हणतो का? गावाचं नावच मंगेशी पडलं. म्हाळसेच्या गावाला म्हार्दोळ म्हणतात ते नाव पण तिच्यासोबत वेर्ण्याहून आलंय, तिकडच्या मूळ जागेला अजून जुनें म्हार्दोळ म्हणतात. म्हणजे रुळायला नाव टाकावं लागत नाही, नाव घेऊन पण येता येतं. अर्थात देवाला राहायला जागा देणं सोपं असतं, माणसाला कोणी देत नाही हे पण खरं. आणि त्याच काळात जी माणसं कारवार, मंगळूर, थेट कोचीनपर्यंत गेली ती अजून घरात कोंकणी बोलतात, साडेचारशे वर्षं, त्यांना असिमिलेट झाले म्हणायचं की नाही तुम्हीच ठरवा.

सांगेंकार :
पुनर्वसन शब्दावर माझा आक्षेप आहे. साळावली धरणात कुर्डी गाव गेला, माझ्या आजीचं घर त्यात होतं. लोकांना वाडे आणि वालकिणीला जागा दिली. आमच्या लहानपणी बसमधून उतरताना कंडक्टरला "पुनर्वसनार देंवतलों" असं सांगायचो, म्हणजे पुनर्वसन हे आमच्यासाठी गावाचं नाव होतं, क्रिया नव्हती. ते पुरं झालं की नाही हे कोणी विचारलंच नाही, बोर्ड लागला की झालं. मे महिन्यात पाणी उतरलं की आजी तिथे जायची, सोमेश्वराच्या देवळाकडे उत्सव असतो, ख्रिश्चन लोकांची पण कपेलाची फेस्त असते, सगळे जमतात. आजी भिंत शोधायची आणि बोट दाखवून सांगायची ही रांधणीची कूड (खोली), ही तुझ्या आजोबांची. जमिनीतून फक्त दगडाचा पाया वर आलेला असायचा, गुडघ्याएवढा. मग पावसाळ्यात परत पाण्याखाली.

आणि कायद्याने आम्ही निर्वासित नव्हतो हो, विस्थापित. सीमा ओलांडली नाही म्हणून. पुनर्वसन धरणग्रस्ताचं, दारुड्याचं पण, अपघातात पाय गेलेल्याचं पण. एकच शब्द किती जणांना पुरवायचा?

भाषांतरवाला :
@सांगेंकार, बरोबर पकडलंत. निर्वासितांच्या कामात रिसेटलमेंट म्हणजे फक्त एकच गोष्ट, पहिल्या आसऱ्याच्या देशातून तिसऱ्या देशात रीतसर नेऊन वसवणं. इरिट्रियाचा माणूस सुदानच्या छावणीत, तिथून कॅनडा. म्हणून मी 'तिसऱ्या देशात वसवणं' असं सरळ लिहितो, लांब होतं पण चालतं.

सासष्टीची :
आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझे पप्पांचे काका आफ्रिकार, म्हणजे आफ्रिकेत नोकरीला गेलेले, युगांडात कंपाल्यात सरकारी ऑफिसात क्लार्क. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तिथला हुकूमशहा ईदी अमीनने एशियन लोकांना ९० दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं. २८ हजारांच्या आसपास लोक इंग्लंडला गेले, काका त्यांच्यात. इंग्लंडातल्या लेस्टर शहराच्या कौन्सिलने युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, शाळा भरल्यात, घरं नाहीत. सरकारने पण शहरांचे लाल आणि हिरवे भाग केले, लाल म्हणजे तिथे आधीच गर्दी, जाऊ नका. तरी लोक गेलेच, जिथे आपलं माणूस तिथेच जाणार ना. आणि आता तेच लेस्टर त्यांचं कौतुक करतं.

काकांना मात्र रेफ्युजी म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. "आमी रेफ्युजी न्हय, ब्रिटिश पासपोर्ट आसा आमचेकडेन." कागदावर त्यांचं बरोबरच होतं. पण पहिला हिवाळा लष्कराच्या रिकाम्या बराकीत काढला, दान आलेला कोट घालून, कोटाच्या बाह्या बोटांच्या खाली यायच्या आणि आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, त्यांना सगळ्यात जास्त त्या बाह्यांचं वाईट वाटायचं. ते नेहमी सांगायचे. कंपाल्यात हाताखाली माणसं होती, इथे गोडाऊनमध्ये खोकी उचलली चार वर्षं.

तेव्हा लेखात शब्दांइतकंच हे पण येऊ दे की माणूस येतो तेव्हा त्याची डिग्री, हुद्दा येत नाही. डॉक्टर टॅक्सी चालवतो, आणि पोरं भाषा लवकर उचलतात म्हणून आईला गायनॅककडे घेऊन जायला दहा वर्षांची मुलगी दुभाषी. याला शब्द आहे का मराठीत? नसेलच.

बारदेसचो बाब :
तुम्ही सगळे कॅनडा-लेस्टरच्या गोष्टी करा. इथे गोव्यात बिहारचा, विजापूरचा माणूस दिसला की 'भायलो' (बाहेरचा), 'घाटी' ह्याच्यापुढे आपली गाडी जात नाही. पंधरा वर्षं माझ्या गल्लीत इस्त्रीचं दुकान आहे त्याचं, पोरगा मराठी शाळेत पहिला आला, तरी भायलो. निज गोंयकार कोण ह्याच्यावरून तर भांडणं कायमचीच.

तिसवाडीकर :
बाब, तो रेफ्युजी नाही, कामासाठी आलेला माणूस, तो स्थलांतरित. दोन्ही एक केले तर दोघांचंही नुकसान, एकाला परत जाता येतं, दुसऱ्याला गेला तर तुरुंग. पण 'भायलो' झोंबला, खोटं कशाला बोलू.

यावरून आठवलं. कळंगूटला तिबेटी लोकांचे स्टॉल असतात ना, चांदीच्या अंगठ्या, दगडांच्या माळा. एका बाईला विचारलं तुम्ही कुठल्या, म्हणाली मुंडगोड. मी म्हटलं नाही, मूळच्या. ती हसली, म्हणे आजी तिबेटची, मी मुंडगोडची, कन्नड येतं, हिंदी येतं, तिबेट बघितलेलं नाही. मुंडगोडची वसाहत १९६६ ची, आपल्यापासून चार तासांवर. पण कागदावर ती परकी, आरसी, म्हणजे परक्यांचा नोंदणी दाखला, रिन्यू करत बसते. तिला काय म्हणणार? निर्वासित म्हणावं तर हिला कोणी कुठून घालवलं नाही. निर्वासिताच्या नातीला शब्द नाही आपल्याकडे.

भाषांतरवाला :
कायदा म्हणून बघायचं तर भारताने १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे इथे निर्वासित हा कायद्यातला दर्जा नाही, सरकारच्या मनावर. म्हणजे आश्रित.

सासष्टीची :
आश्रित म्हणजे आपला मुंडकार! भाटकाराच्या जमिनीत त्याच्या मर्जीने घर बांधून राहायचं, नारळाच्या पाडपाला राबायचं, आणि त्याचा राग झाला तर बिऱ्हाड उचला. १९७५ चा कायदा आला आणि मुंडकाराला घरातून काढता येईना, घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क आला. घर तेच, माणूस तोच, माड पण तेच. पण त्यानंतर माझी आजी भाटकाराच्या घरी गेली की पायरीवर नाही, खुर्चीवर बसायला लागली. शब्द मुंडकारच राहिला हो, बदलला नाही.

अंत्रूजकार :
हे लेखात घालाच. पारशांचं दूध-साखर घालू नका एवढीच विनंती, प्रत्येक लेखात असतं. आणि साखर विरघळली असती तर अग्यारी दिसली असती का?

मोडीवाचक :
मग क्रियापद 'रुळणं' घ्या. वाट पायाखाली रुळते, तोंडात शब्द रुळतो. जाणारा आणि वाट दोन्ही बदलतात त्यात. आत्मसात्करण फेकून द्या.

तिसवाडीकर :
रुळणं फायनल. रेफ्युजीला निर्वासित, रिसेटलमेंटला एकदा 'तिसऱ्या देशात वसवणं' आणि नंतर नुसतं 'वसवणं'. कौल-इस्तावा चौकटीत. मुंडकाराची गोष्ट बहिणीने वाचली आणि म्हणाली आमच्याकडच्या माणसाला विमानातून उतरल्या दिवशीच कायमचं राहायचा हक्क मिळाला, पण विमानाच्या तिकिटाचे पैसे मात्र कर्ज आहेत, बिनव्याजी का असेना, सरकारला फेडायचे. तो दर महिन्याला हप्ता भरला की पावती तिला दाखवायला आणतो, ती म्हणते मला नको दाखवू रे, तरी आणतो.

सांगेंकार :
त्यांचं जेवण काय असतं? इंजेरा म्हणतात ती आपल्या आंबोळीसारखी असते असं ऐकलंय.

तिसवाडीकर :
दिसायला मोठ्या आंबोळीसारखीच, जाळीदार आणि आंबट, फक्त टेफ नावाच्या धान्याची, आणि पीठ दोन-तीन दिवस आंबवतात. पहिल्या थंडीत त्या बाईचं पीठ फुगेचना, रडकुंडीला आली. मग बहिणीने दाखवलं, ओव्हन पेटवायचा नाही, फक्त आतला दिवा लावून भांडं रात्रभर आत ठेवायचं, आपल्या आंबोळीचं पीठ ती तिथे असंच आंबवते. मावशीला कळलं तर म्हणाली, "त्या बायलेक सांग, चिमूटभर मेथी घाल म्हण."