बाबागाडीला क्लिपवाला पंखा: सीमाभागातले आई-बाबा, तुमचा अनुभव लिहा

बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणून आपल्याकडचा उन्हाळा सोसवतो, असं आपण पुण्या-सोलापूरच्या पाहुण्यांना सांगतो. संध्याकाळी वारं सुटल्यावर ते खरंही असतं. पण चैत्र-वैशाखातल्या दुपारी बाबागाडीत बसलेल्या बाळाला त्या उंचीचा काही फायदा नाही. सीट बहुतेक काळी नाहीतर गडद निळी, पाठीला जाड फोम, तिन्ही बाजूंनी कापड. त्यात बाळ रस्त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जवळ, त्यामुळं डांबराची जी धग आपल्या गुडघ्याला लागते ती त्याच्या तोंडाला लागते.

यंदा ओळखीतल्या बऱ्याच घरांत गाडीला अडकवायचा चार्जिंगचा पंखा घ्यायचं चाललंय. दुकानात सगळे पंखे सारखेच दिसतात आणि दुकानदार एकच गोष्ट सांगतो, वारं लई जोरात येतंय. बाळाच्या पंख्यात वाऱ्याचा जोर ही शेवटी बघायची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत झालंय. जाळी कशी आहे, पकड कशी आहे, बॅटरी खरी किती आहे आणि आपल्या गावच्या हवेत तो उपयोगी पडतो का, हे वापरलेल्या माणसानंच सांगावं. खानापूर आणि अथणी एकाच जिल्ह्यात आहेत, पण दोन्हीकडची हवा वेगळी. म्हणून सगळ्या तालुक्यांतल्यांना बोलावते आहे. गाव आणि बाळाचं वय जरूर लिहा. सुरुवात मी करते.

टिळकवाडी, बेळगाव. मुलगा नऊ महिन्यांचा

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आम्ही गाडी फिरवतो. तिथं पंख्याची गरजही पडत नाही. पंखा लागतो तो परतीच्या वाटेवर आणि बाजारात. निवडताना मी एकच कसोटी लावली: कान पुसायच्या इअरबडचं कापसाचं टोक जाळीतून आत जातं का? गेलं, तर बाळाचं बोटही जाणार. बऱ्याच पंख्यांना समोरून बारीक जाळी असते आणि मागून मोटरच्या बाजूला मोठ्या फटी असतात. आमचा मुलगा पंखा धरायला हात घालतो तो नेमका मागूनच, त्यामुळं मी दोन्ही बाजू तपासल्या. पाती मऊ फोमची घेतली. बोट लागलं तर ती थांबतात. तरीही जाळीशिवायचा पंखा मी घेतला नसता, कारण नऊ महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, फोमसुद्धा.

शहापूर, बेळगाव. मुलगी अकरा महिन्यांची (मी बाबा)

आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट दिवसभर असतो, त्यामुळं पंख्याच्या आवाजाबद्दल मी काही सांगू शकत नाही. पकडीबद्दल मात्र सांगतो. आपल्या गल्ल्यांतले खड्डे, गटारावरच्या फरश्या आणि स्पीडब्रेकर यांवरून गाडी गेली की नुसत्या स्प्रिंगच्या चिमट्याचा पंखा हळूहळू फिरत खाली सरकतो. गाडीचा पुढचा दांडा गोल आणि जाड असतो, चिमटा तेवढा उघडतच नाही. अर्धवट पकडला की हादऱ्यानं निसटलाच. तीन वाकणारे पाय असलेला प्रकार मिळतो, ते पाय दांड्याला वेटोळे घालून बसतात. आमच्याकडं तोच टिकला. दुकानात जाताना गाडी बरोबर न्या, लावून बघा आणि चार वेळा जोरात हलवा. दुकानदार काही म्हणत नाही.

दुसरं म्हणजे मी पंखा एका आखूड नाडीनं गाडीच्या सांगाड्याला बांधून ठेवतो. निसटला तरी बाळाच्या अंगावर पडत नाही. नाडी अगदी आखूड हवी, आणि गाठ मागच्या बाजूला, बाळाचा हात पोचणार नाही अशी.

निपाणी. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, घरी सहा महिन्यांचा भाचा

बॅटरीवर लिहितो, कारण फसवणूक तिथंच लई हाय. बहुतेक पंख्यांत 18650 नावाचा लिथियमचा गोल सेल असतो. चांगल्यातला चांगला असा एक सेल साधारण 3500 एमएएच (सेलमध्ये वीज किती मावते त्याचं माप) देतो आणि त्याचं वजन 45 ते 50 ग्रॅम भरतं. आता डब्यावर 10000 एमएएच छापलंय म्हणजे आत तसले निदान तीन सेल पाहिजेत, नुसत्या सेलचंच वजन 140 ग्रॅमच्या आसपास. पंखा हातात घेतल्यावर सगळा मिळून तेवढासुद्धा भरत नसेल तर आकडा खोटा, सरळ हिशेब. किराणा दुकानाच्या काट्यावरबी कळतंय.

'वीस तास चालतो' म्हणतात ते सगळ्यात कमी स्पीडवर. फुल स्पीडवर निम्म्याहून कमी धरा. खरे 10000 एमएएच म्हणजे 37 वॅट-तास. पंखा चार वॅट खात असेल तर मोजून आठ-नऊ तास, त्याच्या पुढं नाही. सेलवर किंवा डब्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बघा, आयएस 16046 आणि R ने सुरू होणारा नंबर. तो नसलेला माल मी दुकानात ठेवत नाही. फुगलेली बॅटरी दिसली तर पंखा वापरू नका, दाबून बघू नका. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पंखा सोडून जाऊ नका, लिथियम सेलला तापलेली काच-बंद गाडी सोसत नाही. बाळाला तर एक मिनिटबी सोडायचं नाही.

आणि आमच्या गावचं एक. वखारी जवळ असल्या की तंबाखूची बारीक धूळ हवेत असते, ती जाळीवर आणि पात्यांवर बसते आणि पंखा लावला की तीच बाळाच्या नाकात. पुढची जाळी फिरवून निघते असलाच पंखा घ्या, म्हणजे दर आठवड्याला पुसता येतो. स्क्रूनं कायम बंद केलेला घेऊ नका.

संकेश्वर. मुलगा पाच महिन्यांचा

थोडंच लिहिते. टाइप-सी असलेले काही स्वस्त पंखे नव्या मोबाइल चार्जरवर, दोन्हीकडं सी असलेल्या केबलनं चार्जच होत नाहीत. सोबत आलेली जुनी चपटी-ते-सी केबल जपून ठेवा. हेस्कॉमची लाइट गेली की तोच पंखा आम्ही पाळण्याच्या बाहेर स्टुलावर ठेवतो, म्हणून सपाट जागी उभा राहील असा बूड असलेलाच घेतला.

वडगाव, बेळगाव. आज्जी, नातवंडं दोन

पाळण्यावरून आठवलं म्हणून सुनेला लिहायला सांगतेय. आमच्यात पोरं झोळीत झोपतात, साडीच्या झोळीत. झोळीच्या दोरीला हा पंखा कुणी लावू नका गं बायांनो. झोळी हलली की पंखा हलतो, साडीचा पदर मागून जाळीत ओढला जातो. शेजारणीकडं तसं झालं. पोराला काही लागलं नाही, पण साडी अशी गुंडाळली की कात्रीनं कापावी लागली. पंखा भिंतीकडं, झोळीपासून दोन हात लांब ठेवावा. बाबागाडीतसुद्धा दुपट्याची टोकं, झबल्याच्या नाड्या, कुंचीचे बंद आत खोचून मगच पंखा चालू करावा.

हिंदवाडी, बेळगाव. पुतणी दहा महिन्यांची (मी काकू)

आज्जींच्या म्हणण्याला जोडून. आमच्या पुतणीचं जावळ अजून काढलेलं नाही, केस खांद्यापर्यंत आलेत. तिच्या आईनं पाती नसलेला पंखा आणला, तो सुरक्षित म्हणून विकतात. पाती दिसत नाहीत एवढंच, आत ती असतातच, आणि हवा मागच्या किंवा खालच्या भोकांतून ओढली जाते. पंखा डोक्याच्या बाजूला लावला होता, केसांची एक बट तिथं गेली. लगेच बंद केला म्हणून निभावलं. आता पंखा पायाच्या बाजूला, हात पोचणार नाही इतका लांब, आणि वाऱ्याचा रोख पोटावर-पायांवर. तोंडावर सतत वारा बसला की तिचे डोळे कोरडे पडायचे आणि ती चोळत राहायची, तेही थांबलं.

खानापूर. मुलगी सात महिन्यांची

आमच्याकडं मे उजाडला की हवा दमट व्हायला लागते आणि पाऊस सुरू झाला की चार महिने कपडे वाळत नाहीत. अशा हवेत ओलं फडकं वगैरे काही कामाचं नाही, उलट बाळ चिकचिकतं. नुसता पंखा मात्र खरंच उपयोगी पडतो, कारण घाम वाळायला वाऱ्याचीच गरज असते. तिच्या मानेच्या वळ्यांतल्या घामोळ्या पंखा लावल्यापासून कमी झाल्या, आणि मी पावडर बंद केली.

डासांमुळं गाडीवर मच्छरदाणी असतेच. पंखा मच्छरदाणीच्या आत लावला तर मागून जाळी ओढून घेतो आणि घुसमटल्यासारखा आवाज करतो. बाहेर लावला तर वारा निम्मा होतो, पण तेच बरं. मागच्या सालात चोर्ला घाटातून गोव्याला गेलो तेव्हा उतरणीला लागल्यावर हवेतला दमटपणा अंगाला कळत होता. तिथंही पंख्याचा स्पीड मध्यम आणि अंगावर एकच सुती झबलं, एवढ्यावर तिचं भागलं.

अथणी. मुलगा आठ महिन्यांचा

ताई, तुमच्या नेमकं उलट आमच्याकडं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत. इथं नुसता पंखा म्हणजे तव्यावरची वाफ फिरवल्यासारखं. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. हवाच अंगापेक्षा गरम असली तर तो ऊब आणून बाळाला देतो. त्यात बाळाला आपल्यासारखा भरपूर घाम येत नाही.

ऊन लागू नये म्हणून गाडीवर कोरडं दुपटं टाकायची सवय आमच्या भागात घरोघरी आहे. ती सोडा, ही माझी कळकळीची विनंती. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली हे मोजून प्रसिद्ध केलं. कडक उन्हात उघड्या गाडीच्या तुलनेत कोरडं पातळ मलमल टाकलेल्या गाडीच्या आतली हवा 2.6 अंशांनी जास्त तापली आणि जाड फ्लॅनेल टाकल्यावर 3.7 अंशांनी. तेच मलमल ओलं करून टाकलं आणि सोबत क्लिपचा पंखा लावला, तर आतली हवा 4.7 अंशांनी कमी राहिली. माठावर ओलं फडकं गुंडाळणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं शिकवायला नको. कापड फक्त पूर्ण झाकायचं नाही, वारा आत-बाहेर व्हायला वाट ठेवायची आणि बाळाचा चेहरा आपल्याला दिसत राहिला पाहिजे.

चिक्कोडी तालुका. आरोग्य केंद्रात परिचारिका, स्वतःची मुलगी आता मोठी

पंख्यावर भरवसा ठेवून लोक दुपारी बाळाला घेऊन बाजाराला, लग्नाला, जत्रेला निघतात, याची मला काळजी वाटते. अकरा ते चार बाळ घरातच असलं पाहिजे, पंखा असो वा नसो.

बाळ तापलंय का हे हातापायांवरून ठरवू नका, ते थंड लागू शकतात. मानेमागं आणि छातीवर हात ठेवा. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, दूध ओढायचा कंटाळा, नेहमीपेक्षा सुस्त, लंगोट बराच वेळ कोरडा, यातलं काही दिसलं तर लगेच सावलीत न्या, कपडे काढा, साध्या पाण्याच्या फडक्यानं अंग पुसा, अंगावर पाजा. बाळ तरतरीत होत नसेल, उलट्या होत असतील किंवा जागं करूनही जागं होत नसेल तर थेट दवाखान्यात. बर्फाचं पाणी लावू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी देऊ नका, उन्हाळ्यातसुद्धा नाही. आईचं दूध जास्त वेळा द्या, त्यातच त्याला लागणारं सगळं पाणी असतं. उन्हाळ्यात आमच्या केंद्रात आलेल्या प्रत्येक आज्जीला मी हे सांगते, आणि पुढंही सांगत राहीन.

कॅम्प, बेळगाव. मुलगा सव्वा वर्षाचा

आमच्या भागात जुनी मोठी झाडं आहेत. त्याच गाडीत, त्याच वेळी, झाडाखालून चालताना आणि खडेबाजाराच्या उघड्या रस्त्यावर चालताना सीटला हात लावून बघा, फरक हाताला कळतो. आम्ही पैसे आधी गाडीला लावायच्या छत्रीवर घातले, पंखा नंतर आला. मागच्या पडद्याची चेन उघडली की जाळीतून वारा आरपार जातो. बऱ्याच जणांना आपल्या गाडीला ती चेन आहे हेच माहीत नसतं. ती उघडल्यावर पंखा सगळ्यात कमी स्पीडवरही पुरतो.

सांबऱ्याहून विमानानं जाणाऱ्यांसाठी एक: पंख्याची बॅटरी सुटी निघत असेल तर ती आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातल्या पिशवीत ठेवा.

रायबाग. मुलगी चार महिन्यांची

अथणीच्या ताईंना विचारायचं होतं. कापड किती ओलं करायचं आणि कुठं टाकायचं? टपकणारं पाणी बाळाच्या अंगावर पडेल अशी भीती वाटते.

अथणी

घट्ट पिळून घ्या, टपकायला नको, पण हाताला गार लागलं पाहिजे. जुन्या मऊ धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला, टॉवेल नको. गाडीच्या टपावरून पुढं अर्ध्यापर्यंत सोडा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बाजूला पकडा, म्हणजे उडून बाळाच्या तोंडावर येणार नाही. पंखा खालच्या उघड्या बाजूनं आत वारा सोडेल असा लावा. आमच्या उन्हात कापड पंधरा-वीस मिनिटांत वाळतं. वाळलं की ते कोरड्या दुपट्यासारखंच गाडी तापवतं, तेव्हा पाण्याची बाटली गाडीच्या खालच्या जाळीत ठेवा आणि वेळेवर पुन्हा ओलं करा. चार महिन्यांच्या बाळाला मात्र मी उन्हात नेलंच नसतं, सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीला फिरवा.