ऑड फेलोज हॉल: वरच्या मजल्याचं काय करायचं?

प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,
गणपतीला आपण भाड्याने घेतो तो मेन स्ट्रीटवरचा ऑड फेलोज या जुन्या बंधुसंस्थेचा हॉल विकायला निघालाय. मंडळाने तो घ्यावा, असं बहुतेकांचं मत आहे. वरच्या दालनातले लाकडी चौथरे काढून जागा सलग करावी आणि दर्शनी भागावरच्या, एकमेकींत गुंफलेल्या साखळीच्या तीन कड्या उतरवाव्यात, अशा सूचना आल्यात. काका, तुम्ही सध्या पुण्यात आहात, पण जुन्या इमारतींमध्ये तुमचं आयुष्य गेलंय. तुमचं मत कळवा.
– सचिव

उत्तर:

सचिवताई,
कोथरूडहून लिहितोय. फोटो नीट पाहिले. चौथऱ्यांना हात लावू नका, ही कळकळीची विनंती.

थॉमस वाइल्डीने अमेरिकेतले ऑड फेलोज १८१९ साली बाल्टिमोरमध्ये सुरू केले. आजाऱ्याची विचारपूस, अडल्यानडल्याला मदत, मृताला मूठमाती, अनाथाला शिक्षण हे त्यांचं ब्रीद. सभासदांनी वर्गणी भरायची, अंथरूण धरलं की त्यातूनच पैसे मिळायचे. सामान्य माणसाला विमा परवडत नव्हता तेव्हा घरच्यांना हाच आधार होता. पुढे विमा सर्रास झाला, १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी सामाजिक सुरक्षेचा, कायदा आला, आणि गावोगावचे हॉल रिकामे पडू लागले.

खाली दुकान, वर लॉज (म्हणजे संस्थेच्या शाखेचं सभागृह) ही रचना पैशांच्या हिशेबातून आली. दुकानाच्या भाड्यावर इमारतीचा खर्च निघायचा. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या वाड्यांनी रस्त्याकडचे गाळे भाड्याने दिले, तसंच हे. खालचा भाडेकरू टिकवा, निदान कराचे पैसे तरी निघतील.

आता चौथरे. दालनाच्या एका टोकाला नोबल ग्रँडचं, म्हणजे लॉजच्या प्रमुखाचं आसन, समोर व्हाइस ग्रँडचं, म्हणजे उपप्रमुखाचं, भिंतींलगत सभासद, आणि मधली जमीन विधींसाठी मोकळी. चारी बाजूंनी बसून मध्ये पाहायची सोय आयती आहे! मंगळागौरीच्या खेळांना आणखी काय हवं? पंगत जेवणघरातच बसू दे. दाराला डोळ्याच्या उंचीवर झाकणाचं भोक दिसतंय. सांकेतिक शब्द ऐकल्यावरच आतला माणूस दार उघडायचा. ते दार जपा, त्यावर रंग फासू नका.

तीन कड्या म्हणजे मैत्री, प्रेम आणि सत्य. त्या उतरवण्याचं कारण मला पटत नाही. लॉज पुण्यालाही नवं नाही, फ्रीमेसन या अशाच दुसऱ्या बंधुसंस्थेचं ‘ओरायन इन द वेस्ट’ हे लॉज इथे १८३३ मध्ये निघालं. पैसे घालायचेच असतील तर लिफ्टमध्ये घाला. तो उभा जिना आमच्या वयाच्या मंडळींना झेपणारा नाही.

आणि माळा उघडताना जरा जपून. ऑड फेलोजच्या दीक्षाविधीत मृत्यूचं भान यावं म्हणून सांगाडा दाखवत. अशा जुन्या हॉलांत शवपेटीत ठेवलेले खरे मानवी सांगाडे सापडलेले आहेत. काही दिसलं तर हलवू नका, आधी पोलिसांना कळवा.
– काका

उत्तर:

काका, चौथऱ्यांचा विषय बैठकीत पुन्हा घेते आणि लिफ्टचे दर मागवते. माळा शनिवारी उघडणार आहोत. मुलांना सोबत आणू नये, ही सर्वांना विनंती.
– सचिव