शिकागोच्या आधी पश्चिमेत काय पोचलं होतं?

वाटसरू: हिंदू तत्त्वज्ञान पाश्चात्त्यांना कळलं ते १८९३च्या शिकागो परिषदेत, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याआधी कोणते ग्रंथ तिकडे गेले होते? ती भाषांतरं आज वाचायची तर फसगत कुठे होते?

पूर्वपक्ष: चार्ल्स विल्किन्सची इंग्रजी गीता लंडनमध्ये छापली गेली १७८५ साली, म्हणजे १०८ वर्षं आधी. उपनिषदं मात्र वळसा घालून गेली. शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याने १६५७मध्ये पन्नास उपनिषदं फारसीत उतरवली. त्या फारसीवरून आंकेतील-द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने केलेलं लॅटिन १८०१-०२मध्ये आलं, आणि जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने वाचलं ते हेच. फारसीत शंकराचार्यांच्या भाष्यातलं विवरण मूळ वाक्यांतच मिसळलं आहे. त्यातलं वाक्य ‘उपनिषदात म्हटलंय’ म्हणून देण्याआधी संस्कृत मंत्र उघडून बघाच.

अन्वय: शब्दांचा घोळ त्याहून मोठा. श्लेगेल या जर्मन पंडिताने १८२३च्या लॅटिन गीतेत ‘योग’ला जागोजागी वेगळे शब्द लावले. लांग्ल्वा या फ्रेंच अभ्यासकाने त्यावर हरकत घेतली, जर्मन विद्वान हुम्बोल्टने श्लेगेलची बाजू घेतली. मला लांग्ल्वाची हरकत पटते. ‘समत्वं योग उच्यते’ (२.४८) आणि ‘योगः कर्मसु कौशलम्’ (२.५०) इथे दोन वेगळे शब्द आले, तर एकाच गोष्टीची व्याख्या चालली आहे हे वाचकाला कळणारच नाही. योग, धर्म, ब्रह्म हे शब्द तसेच ठेवणारं भाषांतर निवडा.

पूर्वपक्ष: आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग राहिलेच की! गीतेवर बायबलच्या नव्या कराराची छाप आहे, असं लोरिन्सर या जर्मन पंडिताने मांडलं होतं. तेलंगांनी १८७५मध्ये गीतेचं इंग्रजी पद्य भाषांतर काढलं आणि प्रस्तावनेत तो दावा खोडून काढला. पुढे मॅक्स म्युलरने संपादित केलेल्या, पूर्वेकडच्या धर्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांच्या ५० खंडांच्या मालेतला आठवा खंड (१८८२) त्यांचाच. गीता गद्यात, सोबत महाभारतातलीच सनत्सुजातीय आणि अनुगीता ही प्रकरणं. मराठी वाचकाने सुरुवात इथूनच करावी.

वाटसरू: वेदान्तासाठी त्याच मालेतलं काय घ्यावं?

अन्वय: थीबो या अनुवादकाचे खंड ३४ आणि ३८ (ब्रह्मसूत्रांवरचं शंकराचार्यांचं भाष्य), शिवाय ४८ (त्याच सूत्रांवरचं रामानुजांचं श्रीभाष्य). बरेच जण पहिल्या दोनांवर थांबतात आणि वेदान्त म्हणजे अद्वैतच असं धरून चालतात. खुद्द थीबोने ३४च्या प्रस्तावनेत, शंकराचार्यांचा अर्थ सूत्रांना सगळीकडे बसत नाही, असं म्हटलं आहे. ती प्रस्तावना आधी वाचा. मग ‘अथातो ब्रह्मजिज्ञासा’ या पहिल्याच सूत्रावरची दोन्ही भाष्यं शेजारी ठेवा. रामानुजांचं बरंच लांब आहे, कारण अद्वैताची सगळी बाजू मांडून तिचं खंडन ते तिथेच करतात.