शब्दचर्चा : ‘ऐतिहासिक कादंबरी’ नेमकी कोणती म्हणायची?

ग्रंथपाल, दर्यापूर तालुका

नमस्कार मंडळी. आमच्या गावचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं. दोन कपाटं, एक टेबल आणि विषयवार नोंदीचं एक रजिस्टर. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ची जुनी प्रत बांधणीहून परत आली, म्हणून ती ‘सामाजिक’ या रकान्यात लिहीत होतो. बारावीतली एक पोरगी बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, “काका, ही ऐतिहासिकमध्ये टाका ना. यातलं आता काहीच उरलं नाही.”

मी हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. कादंबरी १९६० सालची. ‘ऐतिहासिक’ हा शब्द नेमका कशाला लागतो, काळाला की राजाला? आणि त्याच्या उलट बाजूला आपण ‘समकालीन’ म्हणतो ते बरोबर आहे का?

शब्दकुतूहल

व्युत्पत्ती सोपी आहे. इति ह आस, म्हणजे ‘असं असं झालं’. त्यावरून इतिहास आणि पुढे इक प्रत्यय लागून ऐतिहासिक. नुसत्या व्युत्पत्तीने पाहिलं तर झालेलं सगळंच ऐतिहासिक. पण साहित्यात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. लेखक लिहायला बसला तेव्हा कथेतला काळ मागे पडलेला असेल, तर ती ऐतिहासिक कादंबरी. मराठीत गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, हाच संकेत चालत आला आहे. शेळक्यांनी स्वतःच्या डोळ्यांसमोरचं जग लिहिलं, तेव्हा ‘धग’ सामाजिकच.

‘समकालीन’बद्दल तुमची शंका मात्र रास्त आहे. हा शब्द एकट्याने उभा राहत नाही, त्याला जोडीदार लागतो. तुकाराम आणि रामदास समकालीन. नुसती ‘समकालीन कादंबरी’ म्हटली की विचारावं लागतं, कोणाशी?

मेहकरची लेक

हीच तर गोम आहे. तुमच्या व्याख्येत लेखक आहे, वाचक कुठेच नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८८५ मध्ये ‘मधली स्थिती’पासून आपल्या सामाजिक कादंबऱ्यांच्या मालेला ‘आजकालच्या गोष्टी’ असं नाव दिलं होतं. किती सुटसुटीत शब्द! पण ‘पण लक्षात कोण घेतो’ आज वाचताना त्यातलं आजकाल कुठे सापडतं? केशवपनाचं ते प्रकरण मी वाचलं ते इतिहास म्हणूनच. त्या काळातल्या विधवेचं घरातलं जगणं एखाद्या अहवालातून कळलं असतं, त्याहून जास्त मला त्या यमूकडून कळलं.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ २००५ सालची, प्रौढ साक्षरता मोहिमेवरची, हसवून हसवून हाडं मोडणारी. नाव आहे ते दस्तातलं, सही न येणाऱ्याच्या ठशाशेजारी लिहायचं. आता रेशनच्या दुकानात प्राध्यापकही यंत्रावर अंगठाच लावतो. वीस वर्षांतच नावाचा अर्थ फिरला की नाही?

पऱ्हाटीवाला

लेकी, चांगलं बोललीस. शब्दकुतूहल दादांची व्याख्या पुस्तकात शोभेल, पण कपाट लावायच्या कामाची नाही. मी वावरातला माणूस. कादंबऱ्या वाचायची खोड लहानपणापासूनची, त्यातही ऐतिहासिक जास्त. माझी एक कसोटी आहे, ती सांगतो. हसायचं असेल त्यानं हसावं.

कादंबरीत घोडी खातात का, ते मी पाहतो.

दहा हजारांची फौज निघाली, धुरळा उडाला, तलवारी चमकल्या, हे लिहायला काही लागत नाही. पण दहा हजार घोड्यांना सांजच्याला कडबा लागतो. तो कुठून आला? कुणाच्या वावरातून? पैसे दिले की ओढून नेला? घरी बैलजोडी असलेल्या माणसाला हे प्रश्न आपोआपच पडतात. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे कुटाराचा, म्हणजे भुश्शाचा, भाव काय होतो, ते ज्याला ठाऊक आहे त्याला नुसती दौड पाहून समाधान होत नाही.

या कसोटीवर विश्वास पाटलांची ‘पानिपत’ उतरते. लोक त्यातली लढाई वाखाणतात, मला मात्र लढाईच्या आधीचे दिवस मोठे वाटतात. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत फौज एका जागी अडकलेली. मागून रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, दाणा संपला, जनावरं मरू लागली. निकाल तिथेच लागत आला होता. हे कादंबरीत आहे म्हणून ती माझ्या लेखी ऐतिहासिक.

आणि कुणी म्हणेल की राजांच्या गोष्टीत कडबा कशाला, तर त्यानं शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र वाचावं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलात तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी दाणे-गवत ओढायला जाल, रयतेला मोगल बरे वाटतील. रात्री दिवे तसेच ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात नेतो आणि गवताच्या गंजीला आग लागते. उंदरापर्यंतची काळजी! हा राजा बहुतेक कादंबऱ्यांतल्या राजापेक्षा मला फार मोठा वाटतो. कादंबरीतले महाराज क्षितिजाकडे पाहत बोलतात, पत्रातले गंजीकडे पाहून बोलतात.

आता ‘धग’ घ्या. नायिका कौतिकच्या घरात आज चूल कशावर पेटली, दाणे कुठून आले, नवरा महादेवच्या शिवणकामाचे पैसे किती आणि ते पुरले का, हे पानोपानी आहे. वऱ्हाडातल्या एका गरीब घराचा तो इतिहासच आहे. पोरगी बरोबर बोलली.

शब्दकुतूहल

दादा, कसोटी झकास, पण ती तुम्ही ‘चांगली कादंबरी’ ओळखायला वापरता आहात, ‘ऐतिहासिक’ ओळखायला नाही. तुमच्या हिशोबाने ‘स्वामी’ ऐतिहासिक नाहीच की काय? माधवराव पेशव्यांचा मृत्यू १७७२ चा, रणजित देसाईंची कादंबरी १९६२ ची. मध्ये १९० वर्षं!

पऱ्हाटीवाला

मध्ये वर्षं असली म्हणजे इतिहास होत नाही, नुसतं अंतर होतं.

‘स्वामी’ मी कितीदा वाचली त्याचा हिशोब नाही. माधवराव आणि रमा यांचे प्रसंग कुणालाही जमणार नाहीत असे आहेत. पण ती मुळात एका नवरा-बायकोची गोष्ट आहे. आजारी माणसाच्या खोलीत दबक्या आवाजात बोलतात, तसं सगळं पुस्तक बोलतं. पानिपतानंतर दौलतीवर चढलेलं कर्ज त्यात येतं, पण माझ्यासारख्या कर्जदार वाचकाला ते घाईत उरकल्यागत वाटतं. हे माझं मत. घरात कुणालाच पटत नाही.

‘छावा’ची मागणी सिनेमा आल्यापासून आमच्याकडे फार वाढली. शब्दाचा मूळ अर्थ पिल्लू, हत्तीचं किंवा सिंहाचं. शिवाजी सावंतांनी नाव अचूक निवडलं. पण आतली भाषा इतकी नटलेली, की संभाजीराजे साधं पाणी मागतील तेही उपमा देऊन, असं वाटत राहतं. तरण्या पोराला हे आवडतं, मलाही त्या वयात आवडलं होतं. आता ‘खासा’, ‘तहनामा’, ‘मशारनिल्हे’ असे शब्द असलेली जुनी पत्रं आणि बखरी, म्हणजे जुन्या काळी लिहिलेल्या इतिहासाच्या हकिकती, जास्त गोड लागतात. त्या काळच्या दफ्तरात फारशी किती मुरली होती, ते कादंबऱ्या वाचून कळतच नाही. कादंबरीतली माणसं अशी मराठी बोलतात जी कुठल्याच शतकात कुणी बोललं नाही.

तिफणकर

अजी भाऊ, एक सांगू काय? तुमी बखर-बखर करता, अन् मले वखरच दिसते. आमी लहानपनी मास्तर ‘सभासदाची बखर’ म्हने, तं आमाले वाटे का सभासदानं वावर वखरलं असन! मास्तरनं मले बाकावर उभं केलं होतं. आता ट्रॅक्टर आला, वखर कोठ्यात पडून हाये. आमच्या नातवाईले पासही समजत नाई अन् चाडंही समजत नाई. त्याईले ‘सरता’ म्हना, ते म्हनते, काय सरते? पाहा बाप्पा!

मेहकरची लेक

काका, जोरदार! मध्य प्रदेशाकडे वखराला ‘बखर’च म्हणतात, म्हणजे तुमचे मास्तर उगाच चिडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वखर हे बैलांनी ओढायचं मशागतीचं अवजार, त्याचं आडवं लोखंडी पातं ती पास, पेरताना मुठीने दाणे सोडायचं लाकडी वाटीसारखं तोंड ते चाडं, आणि तिफणीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, मागे दोरीनं बांधून वेगळं बी पेरायचं ते सरतं. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचली तर शेतीतले असे कितीतरी शब्द ओळीत बसलेले सापडतात. कुठे तळटीप नाही, की शब्द मुद्दाम दाखवायचा आव नाही. एकनाथ शिकलेला, नोकरी नाही, शेतीत भागत नाही. त्याच्या बोलण्यात ते शब्द येतात कारण दुसरे नाहीतच. २००२ ची कादंबरी, २००४ चं साहित्य अकादमी पारितोषिक. मी ‘आजची’ म्हणून वाचली होती, माझी मुलं ती कोशासोबत वाचतील.

शब्दकुतूहल

बखर शब्दाबद्दल : अरबी ‘खबर’मधली अक्षरं उलटीपालटी होऊन ‘बखर’ झाली असं सर्वसाधारणपणे मानतात. शेतातल्या वखराशी नातं नाही, ध्वनी तेवढा जुळतो. सभासदाची बखर म्हणजे शिवाजी महाराजांचं चरित्र, १६९७ ची, जिंजीला लिहिलेली.

इथे कुणी नंदा खऱ्यांचं नाव कसं काढलं नाही? ‘अंताजीची बखर’ १९९७ ची. जुन्या बखरीचा बाज घेऊन त्यांनी नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांचा काळ लिहिला. ‘उद्या’ या त्यांच्या कादंबरीला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि तो त्यांनी नाकारला. ‘उद्या’ तर येणाऱ्या काळाची कादंबरी, तिला कोणता रकाना?

पऱ्हाटीवाला

अंताजी माझा लाडका आहे. त्याला शौर्याचं कौतुक नाही, कातडी वाचवायची चिंता आहे. आणि नागपूरकरांचं नाव निघालंच आहे तर एक शब्द घ्या, बारगीर. स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. आपल्याकडे हा पगारपत्रकातला शब्द. तोच बंगालात जाऊन ‘बर्गी’ झाला, आणि तिथल्या आया आजही अंगाईत बर्गी आल्याची भीती घालून लेकरं निजवतात. बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता शेतसारा कशातून भरायचा, असा त्या अंगाईचा सूर. परत दाणाच! भोसल्यांचा सरदार भास्करराम १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्या छावणीत दग्यानं मारला गेला, एवढं आपण दुःखानं सांगतो. त्या अंगाईतल्या शेतकऱ्याच्या बाजूनं मराठीत किती लिहिलं गेलं? रघुजी भोसल्यांच्या पराक्रमाची कादंबरी लिहायला कुणीही तयार होईल. मला बारगिराची पाहिजे, ज्याच्या पायाखालचं घोडंही त्याचं नाही.

ग्रंथपाल, दर्यापूर तालुका

मंडळी, मला रजिस्टर आठवड्यात पुरं करायचं आहे, निरीक्षक येणार आहेत. शब्दकुतूहल भाऊंची व्याख्या रकान्यासाठी घेतो, ‘धग’ सामाजिकमध्येच राहील. पण शेऱ्याच्या जागेत ‘वऱ्हाड, शेतकरी व मजूर जीवन, स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ’ असं लिहिलं आहे. ‘मृत्युंजय’ कर्णाची, म्हणून पौराणिकमध्ये आहे, ती कुणी ऐतिहासिकमध्ये हलवा म्हणू नका.

झाडीपट्टी

उशिरा आलो. तुम्ही वऱ्हाडवाले सारखं कापूस-वखर करता, आमच्या भंडारा-गोंदियाकडे धानाचं राज्य. त्या बाजूचा एक शब्द टाकतो : मालगुजार. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. मालगुजारी गेली, तिचे तलाव सरकारजमा झाले, आणि कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी नोंद आली. त्याचं लघुरूप झालं ‘मामा तलाव’. नवीन पोरांना वाटतं, कुणाच्या तरी मामानं बांधला. बांधले कोहळी समाजाच्या लोकांनी, गोंड राजांच्या काळापासून. मालगुजाराचा वाडा कादंबऱ्यांत मी पाहिला आहे. पण तलावाची पाळ घालणारा, धानाला पाणी वाटून देणारा माणूस मुख्य पात्र असलेली कादंबरी कुणाला ठाऊक आहे का? सामाजिक असो की ऐतिहासिक, मला चालेल.

पऱ्हाटीवाला

नाही वाचली. पाणी वाटणाऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात ते आधी सांगा.

झाडीपट्टी

पाणकर.

तिफणकर

आमच्याकडं पाटावरच्याले पाटकरी म्हनते. दोन्ही लिवून ठेवा.