इंग्लंडमध्ये ज्यूरीचं बोलावणं आलंय, पासपोर्ट भारतीय आहे. कुणी बसलंय का?

मिरजकर_रीडिंग

नमस्कार मंडळी. सात वर्षं इथे आहे, पासपोर्ट भारतीयच. काल टपालानं क्राउन कोर्टाचं पत्र आलं: ज्यूरी म्हणून (आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य माणसांपैकी एक) अमुक तारखेला हजर राहा. आधी वाटलं पत्ता चुकला. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, हजर झालो नाही तर 1000 पौंडांपर्यंत दंड होतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नागरिकच नाही तर मला बोलावलं कसं? आणि दुसरी, जी खरी आहे. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं ठीक आहे, पण एखाद्याला तुरुंगात पाठवायचं की नाही हे ठरवणारा मी कोण? कायद्याचं एक अक्षर शिकलेलो नाही. रात्री झोप लागली नाही. तिथे नेमकं कसं वागायचं असतं, कुणी सांगेल का?

थेम्सकाठची

मिरजकर, पत्र बरोबरच आलंय. मतदारयादीत नाव घातलंत ना? भारत राष्ट्रकुलातला देश, त्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला मत देता येतं, आणि ज्यूरीची नावं त्याच यादीतून निघतात. वय 18 ते 75 आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षं इथे वास्तव्य, एवढं पुरतं. मलाही भारतीय पासपोर्टवरच बोलावलं होतं. सात दिवसांत उत्तर पाठवा. अगदीच अडचण असेल तर एकदा पुढे ढकलून मिळतं, पण माझं ऐकाल तर जा.

मी आठ दिवस एका खटल्यावर बसले. गंभीर दुखापतीचा गुन्हा होता. त्यापलीकडे खटल्याची ओळख पटेल असं इथे लिहिणार नाही.

पहिल्या दिवशी नुसतं बसून राहायचं. मग पंधराएक जणांना वर नेलं, क्लार्कनं चिठ्ठ्या पिसून बारा नावं काढली. त्यात माझं सातवं. शपथ ज्याच्या त्याच्या ग्रंथावर किंवा ग्रंथाशिवाय. तिथे गीता होती, मी गीतेवर घेतली. शब्द साधे आहेत, आरोपीचा न्याय निष्ठेनं करीन आणि पुराव्यानुसार खरा निर्णय देईन, एवढेच. 'पुराव्यानुसार' म्हणताना माझा आवाज कापला, कारण समोर काचेआड बसलेला मुलगा माझ्याकडेच बघत होता.

त्या एका शब्दाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. सरकारी वकिलांनी घटनेची जागा सांगितली आणि माझ्या पोटात गोळा आला. तो माझा रोजचा बसथांबा होता. तिथला दिवा कुठे आहे, झाडामुळे काय दिसत नाही, सगळं पाठ. आता हे माहीत असणं चांगलं की वाईट? मी कागदावर लिहून अशरकडे दिलं (कोर्टातली मदतनीस, काळ्या झग्यातली). न्यायाधीशांना काही सांगायचं तर असंच, चिठ्ठीनं. चिठ्ठी दोन्ही बाजूंच्या वकिलांना वाचून दाखवली. मग न्यायाधीशांनी मला राहू दिलं, पण समजावलं की तुमच्या आठवणीतला थांबा हा पुरावा नाही. साक्षीदार सांगतील, फोटो दाखवतील, तेवढाच पुरावा. तिकडे मुद्दाम बघायला जाऊ नका. त्या वकिलांना तुमच्या डोक्यातल्या थांब्याची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून.

मी आठही दिवस दुसऱ्या बसनं गेले. वीस मिनिटं जास्त लागायची.

हेच मोबाईलचं. नाव शोधायचं नाही, नकाशा बघायचा नाही, डॉक्टरांनी वापरलेल्या शब्दाचा अर्थसुद्धा घरी जाऊन शोधायचा नाही. कळलं नाही तर चिठ्ठी. इथे हा गुन्हा आहे. 2011 साली मँचेस्टरच्या एका खटल्यात एका ज्यूररबाईंनी फेसबुकवरून आरोपीशी संपर्क साधला, खटला मोडला आणि त्यांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. दुसरा ज्यूरर शोधाशोध करतोय असं कळलं तर तेही न्यायाधीशांना कळवायचं. चहाडी वाटते, पण त्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

पाचव्या दिवशी स्वच्छतागृहात एक म्हातारी बाई हात धूत होत्या. प्रेक्षकांत त्या रोज बसायच्या. माझ्याकडे बघून हसल्या, "लांब पडत असेल ना तुम्हाला?" म्हणाल्या. आपल्याकडे अशा माणसाला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. मी मान खाली घालून बाहेर आले आणि अशरला सांगितलं. त्यांचं मन दुखावलं असेल. आजही तो प्रसंग आठवला की वाईट वाटतं, पण पुन्हा तेच करीन.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही तुरुंगात पाठवत नाही. शिक्षा किती, ते न्यायाधीश ठरवतात, आणि शिक्षेचा विचार तुम्ही करायचाच नाही. कायदाही न्यायाधीशच सांगतात. आम्हाला तर लेखी दिला होता, पायरीपायरीनं प्रश्न मांडून. तुम्ही फक्त घडलं काय ते ठरवायचं, आणि त्याचं माप एकच. तुमची खात्री पटली आहे का? आपण दिवसातून शंभरदा 'मला वाटतं' म्हणतो. 'वाटतं' तिथे चालत नाही. 'बहुधा त्यानंच केलं असेल' म्हणजे निर्दोष. आरोपीला काहीही सिद्ध करायचं नसतं, तो गप्प बसला तरी. हे कानाला सोपं लागतं, पण मनात रुजायला मला पूर्ण आठ दिवस लागले.

वकील_रत्नागिरी

थेम्सकाठची ताई, छान लिहिलंत. मिरजकर, इंग्रजीची काळजी वाटते तर न्यायाधीशांना मोकळेपणानं सांगा. भाषा पुरेशी कळत नसेल तर ते तुम्हाला मोकळं करू शकतात. हा मुद्दा क्षुल्लक मुळीच नाही. 1908 मध्ये लोकमान्यांवर खटला चालला तो केसरीतल्या मराठी लेखांवरून, आणि नऊ ज्यूररपैकी सात युरोपियन, दोन पारशी. लेख वाचले गेले ते इंग्रजी भाषांतरातून. भाषांतर कुठे चुकलं हे टिळक दिवसेंदिवस उभे राहून सांगत होते. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी. शब्दाची धार ज्याला कळत नाही त्यानं राजद्रोह ठरवायचा, ही त्या खटल्याची खरी जखम आहे असं मी मानतो.

बाहेरचा आवाज आत आला की काय होतं, याला आपल्याकडे 1959चा नानावटी खटला आहे, नौदल अधिकाऱ्यावरचा खुनाचा. वर्तमानपत्रांनी आधीच निकाल लावला होता. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, सेशन्स न्यायाधीशांना ते पटेना, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. लोक म्हणतात त्याच दिवशी ज्यूरी बंद झाली. तसं नाही, पण 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.

मिरजकर_रीडिंग

दोघांचे मनापासून आभार. पासपोर्टचं कोडं सुटलं, उत्तर आजच भरून पाठवतो. ताई, एक राहिलं. निकाल ठरवायच्या खोलीत बारा जणांचं पटलं नाही तर? आणि घरी बायकोला काय सांगू? ती विचारल्याशिवाय राहणार नाही.

थेम्सकाठची

न्यायाधीश आधी एकमतच मागतात. पुष्कळ वेळ गेला आणि त्यांनी परवानगी दिली, तर दहा विरुद्ध दोनपर्यंत चालतं. दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्या, पटलं तर मत बदला. घरी लवकर जायला मिळावं म्हणून मात्र बदलू नका. त्या खोलीत काय झालं, कोण काय म्हणालं, कुणाचं मत कुठे होतं, हे निकालानंतरही कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालाही नाही. तोही गुन्हाच. तुम्ही खोलीबद्दल विचारलंत आणि मी नियमाचं उत्तर दिलं, ते म्हणूनच.

आई पुण्याहून रोज रात्री फोन करायची. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "आई, मी कोर्टात आहे, एवढंच. बाकी विचारू नकोस, मला खोटं बोलायला लागेल." तिनं एकदाही विचारलं नाही. आठ दिवस फक्त "जेवलीस का?" बायकोलाही आजच, खटला सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवा. नंतर सांगितलं की लपवल्यासारखं वाटतं.

ऑफिसला रजा द्यावी लागते, पगार मात्र बंधनकारक नाही. नुकसानभरपाईचा फॉर्म त्यांच्याकडून भरून घ्या. जाताना पुस्तक न्या. दारात बॅग तपासतात, पाण्याची बाटली असेल तर एक घोट प्यायला लावतात. डब्याबरोबर सुरी ठेवू नका.